गच्चीची किल्ली देण्यापूर्वी

मोबाइलच्या मनोऱ्याखाली राहणाऱ्यांच्या भीतीविषयी पुष्कळ बोलले जाते. त्या मनोऱ्याशेजारी काम करण्यासाठी वर जाणाऱ्या माणसाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. त्याच्या सुरक्षिततेची किल्ली अनेकदा आपल्याच घरात असते.

वाचकहो, आपल्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते? वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली, सीवूड्स, बेलापूर अशा कोणत्याही वसाहतीत चौकशी करा. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांच्या किंवा अध्यक्षांच्या घरी, दाराआडच्या खिळ्याला ती टांगलेली आढळेल. हे सचिव बहुधा सेवानिवृत्त असतात. नोकरीधंद्यातल्या तरुणांना वेळ नसतो, म्हणून संस्थेचा कारभार ज्येष्ठांच्या खांद्यावर येतो. या पाक्षिकाच्या वाचकांपैकी अनेकजण ही जबाबदारी वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळत आहेत.

मे महिना आला की किल्लीची मागणी वाढते. पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती थांबवायची असते, टाक्या धुवायच्या असतात, पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या असतात. कोणाचा सौर बंब बिघडलेला असतो, कोणाच्या दूरचित्रवाणीची तबकडी वाऱ्याने फिरलेली असते. बाहेरच्या भिंती रंगवणारे कारागीर गच्चीच्या कठड्याला दोर बांधून खाली उतरतात. एखाद्या आजींना कुरडया वाळत घालायच्या असतात, तर एखाद्या आजोबांना रस्त्यावरील गर्दी टाळून वरच चार फेऱ्या मारायच्या असतात. आपण खिळ्यावरची किल्ली काढतो आणि देतो. आता मात्र अनेक गच्च्यांवर मोबाइल कंपन्यांचे खांब, पेट्या आणि अँटेना उभ्या आहेत. तेव्हा किल्ली देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारायला हव्यात. त्या कोणत्या आणि का, हे समजावून घेण्यासाठी हा लेख.

लहरी नव्या नाहीत

रेडिओ लहरींशी आपला परिचय जुना आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. ३१ जुलै १९९५ रोजी भारतातील पहिले मोबाइल संभाषण झाले आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीची, म्हणजे फाइव्ह-जी सेवा देशात आली. या सर्वांचे वाहन एकच, ते म्हणजे रेडिओ लहरी. फरक पडला तो जागेचा. पूर्वी मोठे प्रक्षेपक वस्तीपासून दूर, कुंपणाआड असत. मोबाइलच्या जाळ्याला मात्र थोड्या थोड्या अंतरावर लहान प्रक्षेपक लागतात, आणि दाट वस्तीच्या शहरात त्यांना उंच व सोयीची जागा मिळते ती आपल्या डोक्यावरच.

या लहरींचे स्वरूप आधी ध्यानात घेऊ. क्ष-किरणांमध्ये अणूतील इलेक्ट्रॉन हुसकावून लावण्याइतकी ऊर्जा असते. रेडिओ लहरींमध्ये ती नसते. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना अ-आयनकारी प्रारण म्हणतात. त्यांचा सिद्ध झालेला मुख्य परिणाम म्हणजे उष्णता. पुरेशा तीव्रतेच्या लहरी शरीरात शिरल्या की ऊती तापतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते ते याच तत्त्वावर. शरीरात वाढलेली उष्णता रक्तप्रवाह वाहून नेतो. परंतु डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठाच नसतो. त्यामुळे तीव्र लहरींच्या सान्निध्यात डोळ्यांची काळजी विशेष घ्यावी लागते. वार्धक्य, मधुमेह, हृदयविकार आणि काही औषधे यांमुळे उष्णता सोसण्याची शरीराची क्षमता मुळातच कमी झालेली असते, हेही ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे.

कोणते उपकरण प्रक्षेपण करते?

गच्चीवर दिसणारी प्रत्येक तबकडी धोक्याची नसते. घरोघरी असलेली दूरचित्रवाणीची तबकडी केवळ लहरी ग्रहण करते, स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. तिच्याविषयी निःशंक असावे. बँकेच्या किंवा एटीएमच्या उपग्रह-संपर्काची तबकडी मात्र प्रक्षेपणही करते. तिच्या मध्यभागी पुढे आलेल्या भागाच्या आणि तबकडीच्या मध्ये डोके किंवा हात घालू नये.

मोबाइलची अँटेना बहुधा उभ्या, लांबट, चपट्या पेटीसारखी असते. साधारण माणसाच्या उंचीची, पांढरट किंवा करड्या रंगाची, खांबाला बांधलेली. खांबाकडची बाजू ही तिची पाठ आणि बाहेर वसाहतीकडे पाहणारी सपाट बाजू हे तिचे तोंड. अशा तीन दिशांना तीन अँटेना असतात आणि मिळून त्या सभोवतालचा परिसर वाटून घेतात. फाइव्ह-जीची पेटी तुलनेने आखूड व रुंद असते. ती आपला झोत ग्राहकाच्या दिशेने वळवते आणि वापरानुसार तिची शक्ती कमीजास्त होते. मात्र तिच्यापासून जपण्याचा नियम तोच. याखेरीज ढोलासारखी गोल अँटेना दिसते. ती दुसऱ्या मनोऱ्याशी अत्यंत अरुंद झोताने बोलते. तिच्याही तोंडासमोर उभे राहू नये.

काही इमारतींत मनोरा नसतो, तर कठड्याच्या बाहेरील बाजूला किंवा भिंतीवरच अँटेना बसवलेल्या असतात. त्या खालून चटकन दिसत नाहीत. नेमका हाच प्रकार रंगाऱ्यांसाठी सर्वांत जोखमीचा. गच्चीवर वावरणारा मनुष्य बहुधा अँटेनेच्या पाठीमागे असतो. दोराच्या झोपाळ्यावर बसून भिंत रंगवणारा कारागीर मात्र थेट तिच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर येऊ शकतो. त्याला ते ठाऊक नसते, आणि पुष्कळदा आपल्यालाही नसते.

अंतर हेच औषध

अँटेनेतून निघणारी शक्ती सर्व दिशांना सारखी पसरत नाही. दीपगृहाच्या झोताप्रमाणे ती समोरच्या दिशेला एकवटते. हा झोत आडवा रुंद, पण उभा अरुंद असतो आणि किंचित खाली झुकलेला असतो. म्हणून अँटेनेच्या थेट खाली व पाठीमागे तीव्रता कित्येक पटींनी कमी असते. त्यात मध्ये सिमेंटची गच्ची आली की ती आणखी घटते. याचा अर्थ असा की ज्या इमारतीवर मनोरा आहे, तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील घरापेक्षा समोरच्या इमारतीतील अँटेनेच्या उंचीवरील घराचा विचार आधी करावा लागतो. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या चारमजली इमारतींलगत नवे उंच मनोरे उभे राहत आहेत, तेथे ही बाब विशेष तपासून पाहावी.

अंतराचा प्रभाव एका ढोबळ उदाहरणाने पाहू. एका अँटेनेला २० वॉट शक्ती दिली आणि झोतामुळे समोरच्या दिशेला ती ५० पट एकवटली असे माना. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारताने २०१२ मध्ये ठरवलेली मर्यादा दर चौरस मीटरला ०.४५ वॉट आहे. झोताच्या मध्यावर, २० मीटरवर तीव्रता सुमारे ०.२ वॉट भरते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. १० मीटरवर ती ०.८ वॉट होते, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे जाते. साधारण १३ मीटरवर सीमारेषा येते. आणि २ मीटरवर? सुमारे २० वॉट, म्हणजे मर्यादेच्या चाळीस पटींहून अधिक. इतक्या जवळ हे गणित काटेकोरपणे लागू पडत नाही, शिवाय एका खांबावर अनेक कंपन्यांच्या व अनेक पट्ट्यांच्या अँटेना असू शकतात. त्यामुळे हे आकडे केवळ दिशा दाखवण्यापुरते घ्यावेत. परंतु दिशा स्पष्ट आहे. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते. समोरच्या घरातील माणूस आणि अँटेनेच्या तोंडाशी टेकून विडी ओढणारा कामगार यांच्या जोखमीत जमीनअस्मानाचा फरक असतो.

मर्यादा कोणासाठी?

अ-आयनकारी प्रारणापासून संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग मर्यादा सुचवतो. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांसाठी त्याच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ०.४५, १८०० मेगाहर्ट्झला ०.९ आणि २००० मेगाहर्ट्झच्या पुढे १ वॉट प्रति चौरस मीटर असे ते प्रमाण आहे. त्याच दिवसापासून मोबाइल संचासाठीही एका ग्रॅम ऊतीमागे किलोग्रॅमला १.६ वॉट ही मर्यादा आली.

आंतरराष्ट्रीय प्रमाणांत कामगारांसाठी सामान्य जनतेच्या पाचपट मर्यादा दिलेली असते. हे वाचून कोणी म्हणेल की मग गच्चीवर काम करणाऱ्याला काय चिंता? येथेच गफलत होते. ती सवलत प्रशिक्षित, निरोगी, धोक्याची जाणीव असलेल्या आणि देखरेखीखाली काम करणाऱ्या प्रौढांसाठी आहे. अँटेना दुरुस्त करणारा तंत्रज्ञ त्यात बसतो. त्याच्या छातीवर लहरींची तीव्रता मोजून इशारा देणारे छोटे यंत्र असते, हातात कामाचा लेखी परवाना असतो, आणि काम करण्यापूर्वी तो संबंधित प्रक्षेपण बंद करवून घेतो. आपण बोलावलेला नळदुरुस्तीवाला, टाकी धुणारा, रंगारी किंवा डांबर लावणारा मजूर यांपैकी कोणीही नसतो. तो सामान्य नागरिकच आहे, आणि त्याला सामान्य नागरिकाचेच संरक्षण मिळायला हवे.

खाली राहणाऱ्यांची भीती

मुंबई परिसरात या विषयावर मोठी चर्चा झाली ती २०११ च्या सुमारास. मलबार हिलवरील सह्याद्री अतिथिगृहाच्या गच्चीवरील अँटेनांविषयी अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठवला आणि घरोघरी प्रश्न विचारले जाऊ लागले. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींचा समावेश ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ या २-ब गटात केला. हे वाचून अनेकांची झोप उडाली. मात्र हा गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. शिवाय त्या निर्णयामागे प्रामुख्याने विचार होता तो कानाला लावलेल्या मोबाइलच्या दीर्घ वापराचा. मनोऱ्यांच्या क्षीण लहरींमुळे आरोग्यास अपाय होतो असा खात्रीशीर शास्त्रीय पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नमूद केले होते.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मनोरा दूर असेल आणि संदेश क्षीण येत असेल, तर हातातील मोबाइलला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते. म्हणजे मनोरा हटवल्याने डोक्याजवळचा लहरींचा मारा वाढूही शकतो. उद्वाहनात, तळघरात किंवा संदेशाच्या दोनच रेघा दिसत असताना लांबलचक बोलणे टाळावे. ध्वनिवर्धक सुरू करून फोन थोडा दूर धरावा.

येथे काळजीवाहकांना एक कळकळीची विनंती. समोर मनोरा उभा राहिल्यापासून आईला झोप येत नाही, बाबांचे डोके दुखते, कानात आवाज येतो, चक्कर येते, अशा तक्रारी ऐकू येतात. या तक्रारी खोट्या नसतात. तो त्रास खरा असतो. परंतु त्याचे खापर मनोऱ्यावर फोडून आपण स्वस्थ बसलो, तर वाढलेला रक्तदाब, घसरलेली साखर, कमी झालेले हिमोग्लोबिन, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा औषधांचा दुष्परिणाम नजरेआड राहतो. मनोऱ्याची तक्रार अवश्य करा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही जा. सर्व औषधे पिशवीत घालून बरोबर न्या.

पेसमेकर, श्रवणयंत्र आणि सळ्या

हृदयात पेसमेकर किंवा धक्का देणारे यंत्र बसवलेल्यांनी रस्त्याने जाताना, घरात वावरताना किंवा मनोरा असलेल्या इमारतीत राहताना घाबरण्याचे कारण नाही. आधुनिक यंत्रांना बाहेरच्या लहरींपासून संरक्षक कवच असते. मात्र प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनेच्या तोंडाजवळ जाणे त्यांनी कटाक्षाने टाळावे. मोबाइल यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये आणि विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. अँटेनेजवळ चक्कर, धडधड किंवा अस्वस्थता जाणवली तर प्रथम तेथून दूर व्हावे, मग डॉक्टरांना कळवावे.

श्रवणयंत्रात फोनमुळे गुणगुण ऐकू येते. ती त्रासदायक असली तरी शरीरास अपायकारक नसते. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी किंवा हाडात सळई असलेल्यांनी नेहमीच्या वावरात चिंता करू नये. इन्सुलिनचा पंप वापरणाऱ्यांनी त्याच्या माहितीपुस्तिकेतील सूचना पाळाव्यात.

गच्चीवर फेऱ्या मारणाऱ्या आणि वाळवणे घालणाऱ्या ज्येष्ठांसाठी सोपा नियम असा की अँटेना आपल्यापेक्षा बरीच उंच खांबावर असेल आणि कुंपणाबाहेर राहता येत असेल, तर फिरण्यास हरकत नाही. अँटेना आपल्या उंचीवर असेल, तर तिच्या तोंडापुढची बाजू वर्ज्य समजावी. अशा वेळी वाळवणे खालच्या अंगणात आणि फेऱ्या जवळच्या उद्यानात किंवा विरंगुळा केंद्राच्या आवारात माराव्यात. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घरात असेल, तर गच्चीचे दार नेहमी बंद असल्याची खात्री करावी. मात्र आगीच्या प्रसंगी ते उघडता यावे म्हणून किल्लीची एक प्रत रखवालदाराकडे असावी.

किल्ली देण्यापूर्वी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुढील गोष्टी एका कागदावर लिहून किल्लीच्या खिळ्याशेजारीच चिकटवाव्यात.

१. काम कोठे आहे ते विचारा. अँटेनेच्या पाठीमागे, खाली की तोंडासमोर? बाहेरच्या भिंतीचे काम असेल तर आधी खाली उभे राहून भिंतीवरील व कठड्यावरील अँटेना मोजा आणि कारागिराला त्या दाखवा.

२. तोंडासमोर किंवा जवळ जावेच लागणार असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी काही दिवस कंपनीला लेखी कळवा. मनोऱ्यावर किंवा कुंपणावर लावलेल्या पाटीवर त्या जागेचा क्रमांक व संपर्क असतो. तो वहीत उतरवून ठेवा. एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्या असतात, म्हणून प्रत्येकीकडून प्रक्षेपण बंद किंवा कमी केल्याचा होकार घ्या.

३. इमारतीचा वीजप्रवाह तोडला की मनोरा बंद पडला, असे समजू नका. बॅटऱ्या तत्काळ कामाला लागतात आणि प्रक्षेपण सुरूच राहते. पेटीचे दार स्वतः उघडू नका, कळ स्वतः दाबू नका. हे काम कंपनीच्या माणसाचे.

४. वेळेची नोंद ठेवा. कोण वर गेले, केव्हा गेले, केव्हा उतरले, त्याच्या घरचा दूरध्वनी क्रमांक काय, हे वहीत लिहा. एकट्याला वर पाठवू नका.

५. ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी असलेले कुंपण कोणी ओलांडू नये. कुंपणाला कुलूप नसेल किंवा पाटी पुसली असेल, तर ते कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. अँटेनेच्या खांबाला कपडे वाळवण्याची दोरी, झोपाळ्याचा दोर किंवा शिडी बांधू देऊ नका.

६. आकाश भरून आले असेल, वीज कडाडत असेल, तर काम थांबवा. उंच धातूचा खांब हे अशा वेळी सर्वांत वाईट सोबती.

७. कामगाराला सावली, पिण्याचे पाणी आणि विश्रांती द्या. मे महिन्यातील दमट उन्हात लहरींआधी ऊनच माणसाला आडवे करते.

एक सत्य येथे स्पष्ट सांगायला हवे. मनोऱ्याशेजारी काम करणाऱ्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका अदृश्य लहरींचा नसून दिसणाऱ्या गोष्टींचा असतो. उंचावरून पडणे, विजेचा धक्का, पायात अडकणाऱ्या तारा, शेवाळलेली गच्ची, बंदिस्त जागेत चालणाऱ्या डिझेल जनित्राचा विषारी धूर. कमरेचा पट्टा आणि भक्कम ठिकाणी बांधलेला दुसरा, स्वतंत्र दोर यांविना कोणालाही भिंतीवर उतरू देऊ नये. ‘आम्हाला सवय आहे, काका’ हे उत्तर ऐकून मान डोलावू नये.

अँटेनेवर ॲल्युमिनिअमचा कागद गुंडाळणे, तिच्यासमोर पत्रा उभा करणे असे घरगुती उपाय करू नयेत. लहरी परावर्तित होऊन भलत्याच दिशेला जातात. ‘लहरीरोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चकत्या, लोलक आणि चिकटपट्ट्या यांवर निवृत्तिवेतन खर्च करू नये.

काही झालेच तर

अँटेनेजवळ काम करताना अंग एकाएकी तापल्यासारखे वाटणे, डोके जड होणे, मळमळणे किंवा धातूला स्पर्श होताच चटका बसणे ही सूचनाचिन्हे आहेत. अशा वेळी कामगाराला त्वरित अँटेनेपासून दूर, सावलीत आणावे आणि काम थांबवावे. तो कोठे, किती वेळ, अँटेनेच्या कोणत्या बाजूला होता हे लिहून घ्यावे. डॉक्टरांना ही माहिती उपयोगी पडते. डोळे दुखत असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. हीच लक्षणे उष्माघाताचीही असू शकतात. शुद्ध हरपत असेल, बोलणे असंबद्ध होत असेल तर अंग गार करीत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला उघड्या हाताने ओढू नये; आधी प्रवाह तोडावा. उंचावरून पडलेल्याची मान व पाठ न हलवता मदत येईपर्यंत त्याला स्थिर ठेवावे.

तपासणी कोठे करावी?

आपल्या परिसरातील मनोऱ्यांची माहिती मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. केंद्रीय दूरसंचार विभागाने मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर नकाशात आपला भाग शोधून कोणता मनोरा ठरवलेल्या मर्यादेत आहे हे पाहता येते. प्रत्यक्ष मोजणी हवी असेल तर शुल्क भरून मागणी नोंदवता येते; संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा हे शुल्क ४,००० रुपये होते. नातवंडांना शेजारी बसवून एका रविवारी हे काम उरकावे. दूरसंचाराच्या दृष्टीने नवी मुंबई मुंबई सेवाक्षेत्रात मोडते, हे शोधताना ध्यानी ठेवावे.

न्यायालयांनीही या तक्रारी ऐकल्या आहेत. ग्वाल्हेरमध्ये घरकाम करणाऱ्या एका कर्करोगग्रस्त गृहस्थाच्या अर्जावरून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील एक मनोरा बंद करण्याचा आदेश दिला होता. तरीही न्यायालयाची पायरी चढण्याआधी मोजणी करून घेणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग.

मनोरा येण्यापूर्वीच संस्थेने आणखी एक बाब पाहावी. सिडकोची स्थापना १९७० ची, तेव्हा वाशीसारख्या आरंभीच्या वसाहतींतील अनेक इमारती आता चाळिशी ओलांडत आहेत. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. मनोरा, बॅटऱ्या आणि जनित्र यांचे वजन इमारत पेलेल का, हा प्रश्न लहरींच्या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा नाही. भाडेकरारात देखभालीच्या वेळी प्रक्षेपण बंद करण्याचे कलम, चोवीस तास उत्तर देणारा दूरध्वनी आणि अपघाताचा विमा या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. भाड्याच्या रकमेइतक्याच त्या मोलाच्या आहेत.

जाता जाता एक सावधगिरीचा इशारा. ‘तुमच्या गच्चीवर मनोरा बसवतो, दरमहा मोठे भाडे देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे फोन ज्येष्ठांना हमखास येतात. सोबत सरकारी शिक्क्याची बनावट पत्रेही असतात. दूरसंचार नियामक प्राधिकरण मनोऱ्यासाठी ना-हरकत पत्र देत नाही आणि शुल्कही घेत नाही. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

वाचकहो, मनोरा आपल्या गच्चीवर असो वा शेजारच्या, त्याच्यामुळेच परदेशातल्या लेकीचा चेहरा आपल्याला दिसतो आणि अडीअडचणीला डॉक्टरांना फोन लागतो. त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. अंतर मात्र राखले पाहिजे. आणि आपल्या घराची गळती थांबवायला जो माणूस वर चढतो, त्याला हे अंतर सांगण्याचे काम आपले आहे. उद्या किल्ली मागायला कोणी दाराशी आले, तर त्याला दोन मिनिटे बसवा, पाणी द्या आणि विचारा, ‘बाबा रे, नेमके कोठे काम करणार आहेस?’ मग किल्ली द्या.